साऊंड टेस्टिंगला लावता ती गाणी कुणाची? इंडियन ओशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-देवगड भागात जत्रा, डबलबारी (दोन बुवांच्या भजनाचा सामना), दशावतार, गणपती, लग्न अशा कार्यक्रमांना माझा साऊंड असतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी माईक आणि बॉक्स तपासायला मी कित्येक वर्षं इंडियन ओशन या बँडची गाणी लावतो. मग स्टेजमागे, टपरीवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. वायरी गुंडाळता गुंडाळता ज्यांची उत्तरं नीट देता येत नाहीत, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे लोक कोण? कुठले?

दिल्लीचे. गिटार वाजवणारा सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारा असीम चक्रवर्ती यांची गाठ १९८४ मध्ये पडली. बँड उभा राहिला तो १९९० मध्ये. पुढच्या वर्षी राहुल राम बेस गिटार घेऊन आला आणि १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर बसला. माझ्या वयाचे लोक इंडियन ओशन म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हे चौघे असतात.

पहिला अल्बम १९९३ चा. त्यानंतरचा ‘डेझर्ट रेन’ १९९७ चा, आणि त्याची हकीकत साऊंडवाल्याला फार जवळची आहे. पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दिल्लीत दर १ जानेवारीला कार्यक्रम घेते. त्या कार्यक्रमात, उघड्यावर, हे वाजवत होते आणि त्या रेकॉर्डिंगमधून अल्बम तयार झाला. तबला, गिटार, ड्रम आणि चार आवाज उघड्या जागेत एकत्र पकडायचे आणि तरी प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू यायला हवं, हे किती कठीण आहे ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

मी काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘मा रेवा’पासून. लोक ‘कंदीसा’ सांगतात, मी नाही सांगत. ‘कंदीसा’ दुसरं ऐका.

रेवा म्हणजे नर्मदा. नर्मदेच्या खोऱ्यात लोक म्हणतात ते हे गाणं. राहुल राम पर्यावरणातल्या विषांवर अमेरिकेत डॉक्टरेट करून आला आणि नोकरीच्या मागे न लागता नर्मदा बचाव आंदोलनात गेला. गाणं तिथून त्याच्याबरोबर आलं. पाणी निर्मळ आहे, खळखळ वाहतं आहे, एवढंच त्यात आहे. धरणाविरुद्ध एक शब्द नाही, घोषणा नाही. पण ती नदी अडणार आहे हे माहीत असताना तिच्या वाहण्याचं गाणं गायचं, यात सगळं आलं.

हे लांबचं वाटत असेल तर नकाशा उघडा. महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदा आपल्या राज्याची हद्द आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. आणि तेवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या दोडामार्गात तिळारीच्या धरणात गावं गेली. त्या पुनर्वसनातल्या एका वाडीत गणपतीत भजनाला साऊंड लावला होता. तपासणीसाठी हे गाणं लावलं तेव्हा खुर्च्या मांडणारा एक म्हातारा हातातली खुर्ची तशीच धरून शेवटपर्यंत उभा राहिला. गाणं कशाचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

वाजवण्याच्या अंगाने ऐकायचं तर बेस गिटारवर लक्ष ठेवा. बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

‘कंदीसा’ कुठल्या भाषेत आहे? एक शब्द कळत नाही, मग आवडतं कसं?

भाषा अरामी, म्हणजे सीरियाकडची फार जुनी भाषा. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या चर्चमध्ये म्हटली जाणारी ही प्रार्थना आहे, देवाच्या पावित्र्याची. २००० साली आलेल्या अल्बमला याच गाण्याचं नाव दिलं.

आवडतं कसं, याचं उत्तर आपल्या भजनात आहे. एका बारीच्या आधी मी हे लावलं होतं. पेटीवर बसलेले बुवा, वय सत्तरीच्या पुढचं, पान लावता लावता थांबले आणि म्हणाले, “ह्यां आपलांच गाणां दिसता रे, फक्त भाषा वेगळी.” मी म्हटलं, “बुवा, ह्यां ख्रिस्तावांच्या देवळातलां.” ते म्हणाले, “म्हणान काय झालां? गजर तो गजरच.”

बुवांनी बरोबर नस पकडली. गजरात काय होतं? एक ओळ बुवा टाकतात, मागचे उचलतात. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, लय हळूहळू चढत जाते, टाळ जोरात येतात, आणि एका क्षणी बुवा कोण आणि मागचे कोण हे वेगळं राहत नाही. ‘कंदीसा’ तसंच चढतं. आवाज एकावर एक येतात, ओळ परत परत येते, आणि शब्द कळत नसलेला माणूसही चौथ्या-पाचव्या वेळी ती ओळ म्हणायला लागतो. भजनात वाढलेल्या कानाला हे शिकवावं लागत नाही. मला या बँडचं वेड लागलं ते याच कारणाने. यांची गाणी एकट्याची नाहीत. मागे उभं राहून साथ देणाऱ्याला त्यात जागा असते.

हे रॉक आहे, फ्यूजन आहे, की शास्त्रीय?

दुकानदार कप्प्यावर काय लिहितो यावर माझं ऐकणं ठरत नाही. ड्रम आणि बेस रॉकचे आहेत, तबला आपला, गिटार रागदारीच्या वळणाने चालते, शब्द कबीरापासून आंदोलनापर्यंतचे. चौघांनी एकत्र बसून जे जमलं ते.

‘बंदे’ तुम्ही जत्रेत का लावत नाही? फर्माईश केली तरी नाही म्हणता.

‘बंदे’ माझ्या पहिल्या तीन गाण्यांत आहे. तरी जत्रेत लावत नाही, आणि कारण सांगतो.

ते ‘ब्लॅक फ्रायडे’ या अनुराग कश्यपच्या सिनेमातलं गाणं, शब्द पीयूष मिश्रांचे. सिनेमा १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवर. खटल्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने तो अडवून ठेवला होता, त्यामुळे गाणी लोकांपर्यंत आधी पोचली आणि सिनेमा थेटरात लागला फेब्रुवारी २००७ मध्ये.

त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स कुठे उतरलं? श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर. आपल्याच कोकणात, फेब्रुवारी १९९३ मध्ये. १२ मार्चला मुंबई हादरली, २५७ माणसं गेली. मुंबईत कुणी नाही असं घर कोकणात नाही, तेव्हा त्या दुपारी इथे प्रत्येक वाडीत काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. गावात फोन असायचा एकाच्या घरी. लोक त्याच्या खळ्यात रात्रभर बसून होते, आमचीही माणसं त्यात होती.

म्हणून हे गाणं मी करमणुकीला लावत नाही. त्यात माणसाला थांबवलं आहे. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला हाक मारून सांगितलं आहे की थांब, आता पुरे. ते कुणा एका धर्माच्या माणसाला सांगितलेलं नाही. माझ्या गावात हिंदू आणि मुसलमान दोघांचीही घरं आहेत. उरुसालाही माझाच साऊंड असतो आणि जत्रेलाही. हे गाणं दोन्हीकडच्या माणसांना शांत बसून ऐकवावं असं आहे. घरी या, लावतो.

‘हिलेले’ म्हणजे काय?

गोरख पांडे या कवीचं भोजपुरी गाणं. जनतेची पलटण येते आहे आणि दुनिया गदागदा हलते आहे, असा त्याचा भाव. ‘कंदीसा’ अल्बममध्येच आहे. शिमग्यात रोंबाट, म्हणजे नाचतगात निघालेली मिरवणूक, मांडावर येतं तेव्हाचा ढोल ज्याने ऐकला आहे त्याला यातला जोर लगेच ओळखू येईल. मोठ्या आवाजात ऐका.

आमच्या बुवांना कबीर आवडतो. त्यांना काय ऐकवू?

‘झीनी’. २००३ च्या अल्बमचं नावही तेच. कबीराचं चादरीचं पद आहे, ते आपल्या भजनी मंडळांनाही ठाऊक असतं. गंमत चालीत आहे. पदाची घाई नाही, कुठे ताना मारून दाखवणं नाही, कबीर जसा बोलेल तसं ते गायलं आहे. बुवा कपाळाला आठ्या घालून ऐकायला बसतील, पण तबला सुरू झाला की मांडीवर हात पडेल, याची खात्री देतो.

इथे असीमबद्दल सांगायलाच हवं. मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. भजनात बुवा पेटी वाजवून गातात, ते आपण रोज बघतो. पण पखवाज वाजवता वाजवता कुणी मुख्य आवाजात गाताना पाहिलं आहे का? हात एका लयीत, गळा दुसऱ्या अंगाने जाणारा, आणि दोन्ही बिनचूक. आमच्या भागातले दोन चांगले पखवाजी मी हे गाणं ऐकवून समोर बसवले. दोघांचं म्हणणं एकच पडलं: हे दोन माणसांचं काम आहे.

मग असीम गेल्यावर बँड संपला नाही का?

२५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. हृदयविकाराने. बातमी कळली तेव्हा मी एका लग्नाचा साऊंड उतरवत होतो. गाडीत बसून ‘कंदीसा’ लावलं नाही, लावता आलं नाही.

बँड संपला नाही. त्याच्या एका जागेवर दोघे आले: गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. पखवाजी म्हणाले होते तेच. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडला आणि निखिल राव गिटारवर आला. २०१४ च्या ‘तांडानू’मध्ये शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट असे पाहुणे आहेत. २०२३ मध्ये ‘तू है’ आला.

‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असं म्हणणारे मला भेटतात. पहिल्यासारखं नाहीच, आणि ते पहिल्याची नक्कल करत नाहीत म्हणूनच मी अजून ऐकतो. दशावतारात जुना राजापार्ट गेला की नवा येतो. तो जुन्याचं ऐटीत चालणं उचलायला लागला तर रात्र फुकट जाते. स्वतःचं चालला तर लोक बसून राहतात. तरीही खरं सांगायचं तर माझ्या मनातली चौकडी पहिलीच.

गाणी इतकी लांब का?

रात्रभर दशावतार बघणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारू नये! गाणं उलगडायला जेवढा वेळ लागतो तेवढा ते घेतात. ‘खजुराहो’ ऐका, पण हातात दुसरं काम ठेवू नका. पावसाळी संध्याकाळ, लाईट गेलेली, मोबाईलमध्ये गाणं आधीच उतरवून ठेवलेलं, अशा वेळी ते सगळ्यात चांगलं ऐकू येतं.

मोबाईलवर ऐकलं, काही खास वाटलं नाही. तुमच्याकडे वेगळंच का वाजतं?

कारण तुम्ही अर्धंच गाणं ऐकलं. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. मोबाईलचा बारका स्पीकर एवढ्या खालचा आवाज देऊच शकत नाही, आणि या बँडमध्ये राहुल रामची बेस म्हणजे घराचा चौथरा. साधे, वायरवाले का होईना, पण इअरफोन लावा.

माझ्याकडे वाजतं ते असं. आधी मिक्सरचे सगळे कान मध्यावर ठेवतो, काहीच चढवलेलं नाही, काहीच उतरवलेलं नाही. ‘मा रेवा’ लावतो आणि स्टेजपासून चालत मागे जातो. बेस ऐकू यायला हवा पण छातीवर बसता कामा नये. तबल्याची चाट आणि घुमारा वेगवेगळे कळायला हवेत. अमित किलम गबगुबी नावाचं वाद्य वाजवतो. बंगालच्या बाउल लोकांचं ते, आपल्या चौंडक्याच्या जातीचं, तार ताणून आवाज खालीवर होतो. तो खालीवर होणारा आवाज साफ आला की समजायचं, पखवाजाचा धुमाही साफ येणार. मग शब्द. खाज्याची दुकानं जिथे लागतात तिथपर्यंत चालत जातो. तिथे उभं राहून शब्द कळला, तर रात्री नारदाचा शब्दही तिथल्या म्हातारीला कळेल. नाही कळला तर बेस खाली घेतो, शब्दांची पट्टी थोडी वर करतो आणि पुन्हा चालत जातो.

एवढ्या परीक्षांना एकाच गाण्यात उतरणारं दुसरं रेकॉर्डिंग मला मिळालेलं नाही. बहुतेक नवी गाणी अशी दाबून भरलेली असतात की त्यावरून बॉक्स फक्त जोरात वाजतो की नाही एवढंच कळतं.

वरातीत लावाल का?

नाही.

‘तू किसी रेल सी’ यांचंच ना? आवाज तर वेगळा आहे.

यांचंच. ‘मसान’ (२०१५) सिनेमाला संगीत इंडियन ओशनचं. शब्द वरुण ग्रोवरचे, दुष्यंत कुमारांच्या एका शेरावरून फुललेले. आवाज स्वानंद किरकिरेंचा, इंदूरच्या मराठी घरातला माणूस. ती रेल्वेसारखी निघून जाते आणि तो पुलासारखा थरथरत राहतो, ही मूळ कल्पना.

हे गाणं कोकणात प्रत्येकाला पटतं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि दरी-खाडीवरचे पूल आमच्या रोजच्या जगण्यात आले. पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच आहे. गाडी गेल्यावर लगेच खाली उभं राहून वर बघितलं आहे ज्याने, त्याला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि गाडीने मुंबईला गेलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाचं असतंच.

‘१६/३३० खजूर रोड’ हे काय नाव झालं?

पत्ता आहे तो. दिल्लीत करोल बागेतल्या एका जुन्या बंगल्याचा, जिथे हे वर्षानुवर्षं तालीम करायचे. २०१० मध्ये या अल्बमची गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. त्यातलं ‘बोंधू’ माझं विशेष आवडतं. असीमचा आवाज ज्यात आहे अशी ही शेवटची गाणी.

शेवटी तुमची यादी काय? क्रमाने सांगा.

‘मा रेवा’ वर, तिथून ते कधी हललं नाही. मग ‘कंदीसा’ आणि ‘बंदे’, यांची जागा दिवस बघून बदलते. ‘झीनी’ चौथं. ‘लीव्हिंग होम’ पाचवं; त्यात सगळं काम सुरांनीच होतं, आणि घर सोडून मुंबईला गेलेल्या माणसाला ते ऐकवू नये, उठून परत येईल. मग ‘हिलेले’, ‘बोंधू’, ‘व्हिलेज डॅमसेल’. पुढचं ज्याने त्याने ठरवावं.

आम्हाला गावात बँड काढायचा आहे. यांच्याकडून काय घ्यावं?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत कॉलेजची मुलं जास्त विचारतात, आणि मला तो सर्वांत आवडतो.

त्यांची गाणी बसवू नका. म्हणजे शिकायला बसवा, स्टेजवर नेऊ नका. त्यांनी काय केलं ते बघा. नर्मदेकाठचं गाणं, कबीर, चर्चची प्रार्थना, भोजपुरी कवी: जे आधीपासून लोकांच्या तोंडी होतं ते त्यांनी मन लावून ऐकलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा वाजवलं. तुमच्या वाडीत काय कमी आहे? नमन आहे, जाखडी आहे, शिमग्याची गाणी आहेत, तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावताना बायका म्हणतात ती गाणी आहेत. तुमच्या आजीला विचारा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करताना पंखा बंद करा. ज्या माणसाकडून गाणं घ्याल त्याचं नाव प्रत्येक कार्यक्रमात माईकवरून घ्या.

दुसरं, एक जागा ठरवा. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, कुणाच्या मांगरातली, म्हणजे शेतातल्या खोपीतली, जागा, काहीही. भजन मंडळं टिकतात ती ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी बसतात म्हणून. ते चौघे एकाच घरात एवढी वर्षं वाजवत बसले नसते तर ती गाणी झालीच नसती. गिटारला आणि पेडलला पैसे घालण्याआधी एवढं जमतं का बघा. आणि एक पखवाजी घ्याच. आपल्याकडे इतके तयार पखवाजी असताना पॅडवर ताल वाजवायचा, हे मला पटत नाही.

पहिल्या कार्यक्रमाला साऊंड माझा. भाडं घेणार नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकायचा तर?

पुण्या-मुंबईकडे होतात, तिकीट काढा आणि लवकर पोचा. बॉक्सच्या तोंडाशी उभे राहू नका, तिथे फक्त दणका मिळतो. मैदानाच्या मध्ये मिक्सर मांडलेला असतो, त्याच्या आसपास जागा धरा. साऊंडवाला जे ऐकून ठरवतो ते तिथेच ऐकू येतं. राहुल राम दोन गाण्यांच्या मध्ये भरपूर बोलतो, तेव्हा चहाला जाऊ नका.